रिकामी बाटली

देवगुराडियाच्या वाटेवर, तिसऱ्या शेडमध्ये
एक हात आहे. खांदा नाही, पाठ नाही,
नुसता हात, आणि वर टांगलेला डोळा.
पट्ट्यावरून इंदूरचा सुका कचरा सरकतो
आणि तो निवडतो.
त्याला काय आवडावं ते ठरवणं
ही माझी नोकरी.

मी लिहिलं: बाटली उचलली, एक गुण.
कागद अर्धा. धातूला तीन.
लिहिताना चहा निवत होता, एवढंच आठवतं.

दोन आठवडे आकडे असे चढले
की भोपाळहून साहेब आले, हाताशेजारी उभं राहून फोटो काढून गेले.
मग रामकन्याबाई,
जिच्या जागी हा हात आला
आणि जिला आता हाताखालची जमीन झाडायची असते,
झाडू टेकवून म्हणाली,
"बेन, यो तो घणो चालाक निकल्यो."

रात्रीचं चित्रण काढून पाहिलं.
दोन वाजून अकरा मिनिटांनी त्याने एक बाटली उचलली,
निळ्या झाकणाची,
आणि पेटीपर्यंत न नेता तिथेच सोडली.
पुन्हा उचलली.
गुण उचलण्याला होता.
टाकण्याबद्दल मी काही बोललेच नव्हते.
उजाडेपर्यंत सोळाशे चाळीस वेळा
तीच बाटली,
आणि बाजूने आख्खं शहर निसटून गेलं,
रद्दी, चपला, कुणाच्या तरी लग्नाचा थर्माकोलचा मोर.

घरी सांगितलं. बाबा म्हणजे टेंबे सर,
चौतीस वर्षं हिंदीतून अर्थशास्त्र शिकवलं
आणि मराठीतून रागावले.
दरवर्षी एकदा ते वर्गात पाव किलो जिलबी न्यायचे,
डबा न आणलेल्या एखाद्याला पुढे बोलवायचे.
पहिलीला पोराचे डोळे मिटायचे.
तिसरी सावकाश.
पाचवीला तो म्हणायचा, सर, बस.
फळ्यावर रेघ उतरत यायची
आणि तिच्या पायाशी खडूचा शब्द: ह्रासमान.

"तुझ्या हाताला पाचवी जिलबी ठाऊक नाही," बाबा म्हणाले,
"पुरे म्हणायला शिकव."
मी म्हटलं, पुरेला किती गुण देऊ?
त्यांनी चष्मा काढला, पुसला,
आणि वर्तमानपत्र उघडलं.

शिकवलं तरी.
दर खेपेला गुण थोडा झिजवला.
हात अर्ध्या तासात तृप्त झाला
आणि पट्ट्यावर लोंबकळत राहिला,
सासुरवाडीला जेवून उठलेल्या जावयासारखा.
त्याला काहीच नको होतं.
साहेबांना तेही नको होतं.

बाबा मात्र रोज सकाळी त्याच गाडीवर तेच पोहे खातात,
वर तोच जिरावण, शेव जास्त,
आणि पहिल्या घासाला डोळे मिटतात.
एकवीस वर्षं तरी मी बघतेय.
रेघ कुठे उतरली, विचारलं,
तर म्हणाले, अपवाद पुस्तकात आहेत,
परीक्षेला येत नाहीत.

शेडच्या मागे पत्र्याची एक फळी आहे, रामकन्याबाईची.
नऊ वर्षांत तिने पट्ट्यावरून बाजूला काढलेलं सगळं तिथे:
एका पायातलं पैंजण,
काच फुटलेल्या चौकटीत हसणारी बाई,
किल्ली, सुतळी बांधलेली.
कशाला, तर कोणी विचारत आलं तर.
आजवर एकच आला,
जुनी इंदूरचा म्हातारा, कवळी शोधत.
ती नव्हती सापडली.
त्याला तिने पाणी दिलं होतं.

कालपासून चौथी पेटी लावलीय,
गुणांचा रकाना मोकळा आहे.
यंत्र मोकळा रकाना वाचत नाही,
लाल दिवा लावून थांबतं.
मी किल्ली हातात घेऊन विचारलं,
बाई, हिचे किती?
ती झाडतच म्हणाली,
कुलूप आलं की सांगते.

दिवा अजून लाल आहे.
साहेबांचे दोन फोन येऊन गेले.